वाक्य पूर्ण करण्याचा उन्हाळा

काल दुपारी गच्चीवर वाळत घातलेले साबुदाण्याचे वडाम, म्हणजे आपल्या पापड्या, काढायला गेले आणि चपला घालायला विसरले. दोन पावलांतच नाचत नाचत परत जिन्याच्या सावलीत आले. तळपाय चोळताना मनात म्हटलं, आला कत्तिरी.

मे महिन्यातल्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांना चेन्नईत कत्तिरी म्हणतात. लग्न होऊन मिरजेहून इथे, पेरांबूरच्या रेल्वे वसाहतीत आले, तेव्हा शेजारची बाई दारात उभी राहून पदराने मान पुसत म्हणाली होती, "कत्तिरी वंदुडुच्चु." कत्तिरी आला. मला त्यातला कत्तिरी तेवढा कळला, आणि मी आत जाऊन शिवणाच्या डब्यातली कात्री आणून तिच्या हातात ठेवली. ती बिचारी कात्री घेऊन गेलीसुद्धा. नंतर वसाहतीत ही गोष्ट इतकी फिरली, की मला माझ्या नावाआधी त्या कात्रीने लोक ओळखू लागले.

इथला उन्हाळा मिरजेसारखा कोरडा नाही. अंगाला चिकटतो. सकाळी बांधलेली परकराची नाडीसुद्धा दहाच्या आत ओली होते. रस्त्याकडेला ताडगोळेवाले कोयत्याने फळं सोलत बसतात, मोगऱ्याचे ढीग ओल्या गोणपाटाखाली झाकलेले असतात, आणि सगळं शहर दुपारी एकाच गोष्टीची वाट बघत असतं: समुद्रावरच्या वाऱ्याची. मरीनाजवळच्यांना तो आधी मिळतो. पेरांबूरपर्यंत यायला त्याला वेळ लागतो. पण येतो. खिडकीचा पडदा आधी जरासा आत ओढला जातो, मग फुगतो, आणि घरातला प्रत्येक जण हातातलं काम थांबवून म्हणतो, "आला."

असा वारा आला की मला दुसरं काही आठवत नाही. माझ्या मुलीचा, पल्लवीचा, मुलाखतींचा उन्हाळा आठवतो.

पल्लवी अडखळत बोलते. 'बोलायची' असं मी लिहीत नाही, कारण ती आजही अडखळतच बोलते. बोलायला लागली तेव्हापासून असंच आहे. शब्द ओठांपर्यंत येतो आणि दाराशीच अडतो. मान किंचित पुढे जाते, डोळे मिटतात, आणि मग एकदम तो सुटतो. मराठीत अडखळते, तमिळमध्ये अडखळते, इंग्रजीतही अडखळते. प, ब आणि म ही अक्षरं तिला फार छळतात. आणि आम्ही हौसेने नाव ठेवलं होतं पल्लवी.

बोलायला वेळ लागायचा म्हणून की काय कोण जाणे, पण तिचे हात लवकर चालू लागले. घरातला इडलीच्या पिठाचा ग्राइंडर बंद पडला तेव्हा ती शाळेत होती. माझा नवरा श्रीकांत दुरुस्तीवाल्याला बोलावून येईपर्यंत तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्याचे सगळे भाग क्रमाने मांडून ठेवले होते. दुरुस्तीवाल्याने वाकून बघितलं आणि विचारलं, "हे कुणी खोललं?" आम्ही घाबरलो. तो म्हणाला, "नीट खोललंय." त्या दिवशीचा तिचा चेहरा मी विसरलेली नाही. मेकॅनिकल इंजिनीअरिंगला जायचं हे तिने त्याच दिवशी ठरवलं असावं. सांगितलं मात्र बऱ्याच वर्षांनी.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कंपन्या मुलं निवडायला यायच्या. लेखी परीक्षेत पल्लवी नेहमी वर असायची. त्यानंतर गटचर्चा. मुलं गोल करून बसतात, एक विषय देतात, आणि जो जोरात आणि आधी बोलेल तो पुढे जातो. पल्लवी तोंड उघडून पहिला शब्द काढेपर्यंत चर्चा तीन माणसं पुढे गेलेली असायची. ती दर वेळी तिथेच गळायची. एकदा एका कंपनीचा माणूस तिला बाहेर सोडायला आला आणि अगदी मायेने म्हणाला, "तू हुशार आहेस. जिथे बोलावं लागत नाही असं काहीतरी बघ." घरी आली, दहीभात खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मायेने बोललेलं जास्त लागतं.

निकाल लागला तेव्हा तिच्या वर्गातल्या बहुतेकांच्या हातात नोकरी होती. तिच्या हातात उत्तम गुण होते आणि समोर पूर्ण कत्तिरी.

माझ्या नणंदेचा, सुनंदाताईंचा पुण्याहून फोन आला. त्यांचं म्हणणं साधं होतं. "वैशाली, तिला लेखी परीक्षांना बसव. टेबलावरचं काम मिळेल. उगाच कारखान्याच्या मागे का लागायचं? तिथे ओरडून बोलावं लागतं." श्रीकांतलाही ते पटलेलं दिसलं. तो स्वतः कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना सरकारी परीक्षांची दोन पुस्तकं घेऊन आला आणि काही न बोलता टेबलावर ठेवली.

पल्लवीने ती उचलली, नीट सरळ करून परत त्याच्याकडे सरकवली. मग बोलायला लागली. ते एक वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागला असेल! पंख्याचा आवाज येत होता, खाली भाजीवाला ओरडून निघून गेला. श्रीकांत खाली मान घालून बसला होता. शेवटी ते वाक्य आलं.

"बाबा, मला म-मशीनपाशी उभं राहायचंय."

श्रीकांतने पुस्तकं उचलली आणि माळ्यावर टाकली. त्याचा होकार असाच असतो.

मग तयारी सुरू झाली. लोकांना वाटतं नोकरीची तयारी म्हणजे अभ्यास. अभ्यास तिचा झालेला होता. तयारी करायची होती ती समोरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर टिकून राहण्याची.

आमच्या समोरच्या दारात रुक्मिणी अक्का राहतात. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. कितीतरी पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, ताठ बसणाऱ्या, कपाळावर कुंकवाखाली विभूतीची बारीक रेघ. त्यांची मराठी ऐकली की प्रथम हसू येतं आणि मग संकोच वाटतो, कारण ती आपल्यापेक्षा जुनी आणि जास्त सांभाळलेली आहे. तिला तमिळचा हेल आहे. वाक्य शेवटी वर उचलतात. पल्लवी त्यांना पाट्टी म्हणते, म्हणजे आजी.

अक्का कैरीची पच्चडी द्यायला आल्या होत्या. पल्लवी आरशासमोर उभी राहून 'तुमच्याबद्दल सांगा'चं उत्तर पाठ करत होती. अक्कांनी वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "आरसा काय ऐकतो, कन्ना? चल बाहेर. मला सांग."

दोन दारांच्या मधल्या गॅलरीत त्यांनी खुर्ची टाकली, ताडाचा पंखा हातात घेतला आणि विचारलं, "तुझें नांव काय?"

आणि पल्लवी अडकली. लहानपणापासून जिच्या हातचं खाल्लं त्या बाईसमोरसुद्धा अडकली. प... प... मान पुढे, डोळे मिटलेले. अक्कांचा पंखा चालूच होता, एका लयीत. त्यांनी नजर हलवली नाही, मान डोलावली नाही, हसल्या नाहीत, शब्द पुरवला नाही. जशी बँकेत समोरच्या माणसाने सही करेपर्यंत वाट बघावी तशी वाट बघितली. नाव आलं. अक्का म्हणाल्या, "बरें. पुढें."

रोज सकाळी, ऊन गॅलरीच्या कठड्यावर चढायच्या आत, हा कार्यक्रम चालू झाला. मी आत कुकर लावता लावता ऐकायची. त्यातल्या एका सकाळी अक्कांनी विचारलं, कॉलेजात तू कशावर काम केलंस? पल्लवीने उत्तर दिलं ते फार सफाईदार होतं. एकदासुद्धा अडखळली नाही. मी खूश झाले. अक्कांनी पंखा खाली ठेवला.

"कळलें नाहीं. पाणी ओढणारें यंत्र म्हणजे काय?"

"पाट्टी, ते... पाणी ओढतं ते."

"पंपच ना तो?"

पल्लवीने मान डोलावली.

"मग पंप कां म्हणत नाहींस? असें फिरवून कां बोलतीस?"

तेव्हा उलगडलं. जो शब्द अडेल तो ती टाळायची. पंपाला यंत्र म्हणायची, पिस्टनला आतला दांडा, बेअरिंगला गोल भाग. इतकी वर्षं ती प्रत्येक वाक्याच्या आधी मनातल्या मनात धावत पुढे जाऊन बघत होती, कुठला शब्द अडवणार आहे, आणि वळसा घालत होती. त्या लेखी पेपरात शंभर नंबरी असलेल्या मुलीची उत्तरं तोंडी परीक्षेत अर्धवट शिकलेल्या मुलीसारखी येत होती, ती त्यामुळे. तिला सगळं येत होतं. ती फक्त ते त्याच्या नावाने बोलत नव्हती.

त्या दिवशी ती गॅलरीत बराच वेळ कठड्याला टेकून उभी राहिली. मी ताक घेऊन गेले तर म्हणाली, "आई, अडखळले तर लोक एकदा हसतील. पंपाला यंत्र म्हटलं तर नोकरी कायमची जाईल." हे बोलताना ती 'पंप'वर अडकली, आणि त्या वेळी तिने वळसा घातला नाही.

तिनेच शोधून काढलं, की शहरात अडखळणाऱ्या माणसांचा एक गट आहे. रविवारी सकाळी एका बागेत जमतात. पहिल्यांदा मी सोबत गेले. वडाच्या पारावर माणसं बसली होती. एक वकील, एक मोबाइल दुरुस्त करणारा, एक शाळेतली शिक्षिका, नुकतं लग्न झालेला एक तरुण ज्याला लग्नात मंत्राच्या जागी अडकायला झालं होतं. तो ते सांगत होता आणि सगळे हसून लोळत होते, आणि तो स्वतः सर्वांत जास्त. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, की अडखळण्यावर हसणं आणि अडखळणाऱ्याबरोबर हसणं यांत केवढं अंतर असतं. पल्लवी येताना माझ्या मागे चालत होती. परतताना पुढे.

त्या गटाने तिला एक काम दिलं. रोज अनोळखी माणसाशी बोलायचं, आणि सुरुवातीलाच सांगायचं: मी अडखळत बोलते, जरा थांबा. ती मला म्हणाली, "आई, तूही चल. माझं बोलणं अडतं, तुझं तमिळ अडतं. दोघी मिळून करू."

आता हे मला महागात पडणारं होतं. इतकी वर्षं इथे काढली, पण माझं तमिळ भाजी, गॅस आणि पाणी यांच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. आम्ही बसने तिरुवल्लिकेणीला गेलो. ते जुन्या गल्ल्यांचं, मंदिराचं, एकट्या पुरुषांच्या लॉजांचं गजबजलेलं ठिकाण. पल्लवीने एका फुलवालीला रस्ता विचारला. आधी सांगितलं, मग अडखळली, मग विचारलं. फुलवालीने दोरा दातात धरला आणि पुरतं ऐकून घेतलं. मग हात करून रस्ता दाखवला. त्यात काही विशेष घडलं नाही, आणि काही घडलं नाही याचंच पल्लवीला नवल वाटलं. पुढे माझी पाळी. एका चष्म्याच्या दुकानदाराला मी तमिळमध्ये काय विचारलं देव जाणे. त्याने मला आदराने आत बसवलं आणि डोळे तपासायला घेतले. पल्लवी दुकानाच्या दारात पोट धरून हसत होती. पुढे संध्याकाळी आम्ही मरीनावर वाळूत बसलो, भाजलेलं कणीस खाल्लं. वारा समुद्रावरून थेट अंगावर येत होता, आमच्या घरी पोचायच्या कितीतरी आधी. ती म्हणाली, "आज सतरा ठिकाणी अडखळले असेन." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. फळं मोजावीत तशी ती मोजत होती.

अर्ज पाठवणं चालूच होतं. मैत्रिणीने दिलेल्या नमुन्यावरून तिने आपली माहिती तयार केली होती. त्यात एक ओळ होती, 'उत्तम संवादकौशल्य'. ती तिने सुरुवातीला खोडून टाकली होती. तिरुवल्लिकेणीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर ती पुन्हा टंकत होती: 'संवादकौशल्य'. मी विचारलं, उत्तम कुठे गेलं? म्हणाली, "ते त्यांनी ठरवायचं."

फोनवरच्या मुलाखती सगळ्यांत वाईट. समोर चेहरा नाही. पल्लवी अडकली की पलीकडे शांतता पोचते, आणि माणसाला वाटतं लाइन गेली. "हॅलो? हॅलो?" आणि फोन बंद. असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा तिने फोन उशीवर फेकला आणि रडली. मी जवळ बसले. थोड्या वेळाने ती उठली, तोंड धुतलं, आणि स्वतःच त्या नंबरवर फोन लावला. म्हणाली, "लाइन गेली नव्हती. मी अडखळते. मध्ये शांतता झाली तर समजा मी इथेच आहे." त्या लोकांनी तिला घेतलं नाही. पण ते वाक्य तिला सापडलं. त्यानंतरचा प्रत्येक फोन तिने त्याच वाक्याने सुरू केला. असाच एक फोन टिकला, आणि ओरगडमहून बोलावणं आलं.

ओरगडम म्हणजे शहराबाहेरचा गाड्यांच्या कारखान्यांचा पट्टा. ट्रकच्या ब्रेकचे भाग बनवणारी एक कंपनी होती. तांबरमपर्यंत लोकल, पुढे बस. मी सोबत निघाले. ती नको म्हणाली नाही. अक्कांनी दारात उभं राहून तिच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "सावकाश बोल. घाई त्यांस असूं दे."

पडप्पै गाव मागे पडलं तशी झाडं संपली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब भिंती, आत पत्र्याची चकाकणारी छपरं, आणि उन्हात उभे असलेले नवे कोरे ट्रक, अजून नंबरसुद्धा न लागलेले. पल्लवी खिडकीतून असं बघत होती जसं लोक देवळाचं शिखर दिसल्यावर बघतात. फाटकापाशी तिने केस नीट केले, मला फाइल धरायला दिली, परत घेतली, आणि आत गेली.

मी समोरच्या टपरीच्या छपराखाली बसले. मसाल्याचं ताक घेतलं. ऊन इतकं होतं की समोरचं फाटक थरथरल्यासारखं दिसत होतं. तिच्या वयाची मुलं फायली घेऊन आत जात होती, बाहेर येत होती, फोनवर बोलत होती, भराभर, न थांबता. बोलणं किती सोपं असतं बहुतेकांना! पाण्यासारखं सांडतात. मी त्या दिवशी कुठल्याही देवाकडे नोकरी मागितली नाही. मागितलं ते एवढंच, की आत बसलेल्यांनी तिला पुरतं ऐकावं.

ती आली तेव्हा दुपार कलली होती. ओढणी कपाळाला लावून घाम पुसत होती. चेहऱ्यावरून काही कळेना. बस आली, गच्च भरलेली. आम्ही दांडा धरून उभ्या राहिलो आणि तिने सांगायला सुरुवात केली. भर बसमध्ये, मोठ्याने, मराठीत, अडखळत. जी मुलगी बसमध्ये तिकीट मागायला लागू नये म्हणून बरोब्बर सुटे पैसे पुढे करायची, ती.

तीन माणसं होती. दोन पुरुष, एक बाई. तिने आधीच सांगितलं, मी अडखळते, मला वेळ लागेल. बरं म्हणाले. पण त्यांतला तरुण गृहस्थ तिचं प्रत्येक वाक्य पुरं करू लागला. ती 'प' म्हणाली की तो 'प्रेशर' म्हणायचा. तिला म्हणायचं होतं पिस्टन. पुन्हा असं झालं तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "सर, माझं वाक्य मी पूर्ण करीन. तुम्ही घेतलेला शब्द चुकीचा आहे."

"असं म्हणालीस?" मी दांडा घट्ट धरला.

"म्हणाले. मला वाटलं, संपलं."

पण वयाने मोठे होते ते गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी जे विचारलं तोच खरा प्रश्न होता, जो सुनंदाताईंनी पुण्यात बसून विचारला होता आणि जो माझ्याही मनात कायम होता. मशीनवर एखाद्याचा हात जातोय असं तुम्हाला दिसलं, तर तुम्ही ओरडणार कशा?

"मग?"

"मी म्हटलं, ओरडणार नाही. त-तिथल्या आवाजात कुणाचंच ओरडणं ऐकू जात नाही. म्हणून तर प्रत्येक मशीनला लाल बटण असतं. मी ब-बटणाकडे धावीन."

आमच्या शेजारी उभी असलेली एक बाई, जिला मराठीचं अक्षर कळत नसणार, तीसुद्धा पल्लवीच्या तोंडाकडे बघत होती.

मग त्यांनी तिला आत नेलं, जिथे काम चालतं तिथे. एका भागाच्या आराखड्यात बदल झालेला होता. तो तिने कामगारांना समजावून सांगायचा, आणि त्यांनी त्याप्रमाणे एक भाग करून दाखवायचा. चार बायका होत्या मशीनवर. पल्लवीने तमिळमध्ये सांगायला सुरुवात केली. अडखळली. बोटाने कागदावर दाखवलं, पुन्हा बोलली, मध्ये विचारलं, कळलं का, आणि त्यांतल्या एकीने नाही म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. भाग तयार झाला. मोजला. बरोबर आला. ती निघाली तेव्हा त्यांतली एक हातमोजा काढत म्हणाली, "ताई, उद्यापासून येणार का?"

तांबरम येईपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. तिचा हात दांड्यावर माझ्या हाताशेजारी होता, बोटांना आतल्या तेलाचा वास लागलेला. तो वास तिने घरी येईपर्यंत धुतला नाही.

निवडीची मेल आली त्या दिवशी श्रीकांत घरीच होता. पल्लवी खोलीतून बाहेर आली, फोन त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा शोधला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग उठला, बाहेर गेला, अक्कांचं दार वाजवलं आणि वसाहतीत कुणी कधी ऐकला नसेल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाला, "अक्का! पोरीला मशीनवर घेतलं!" अक्का पंखा हातात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पल्लवीच्या दोन्ही कानशिलांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि तमिळ, मराठी असं काहीबाही बोलू लागल्या. डोळे पुसता पुसता कपाळावरची विभूतीची रेघही पुसली गेली. सुनंदाताईंना मी फोन केला. त्या मनापासून म्हणाल्या, "मी चुकले गं. फार बरं झालं मी चुकले."

आज ती तिथे एका विभागाची प्रमुख आहे. पहाटे कंपनीच्या बसने जाते. अभिमान म्हणजे काय असतं याचा मी पुष्कळदा विचार करते. मुलं पहिली येतात, परदेशी जातात, तेव्हा आयांना जो वाटतो तो मी लोकांच्या घरी बघितला आहे. माझा जरा वेगळा आहे. माझ्या मुलीचं काही बरं झालं म्हणून तो नाही. तिचं अडखळणं बरं झालेलं नाही, होणारही नसेल. ती तशीच, तेवढीच अडखळत, जिथे जायचं होतं तिथे जाऊन उभी राहिली, याचा आहे.

गेल्या आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, कारखान्याने सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. आम्ही तिघे गेलो, मी, श्रीकांत आणि अक्का. मशीनना चंदन-कुंकू लावलेलं, केळीचे खांब बांधलेले, जमिनीवर चुरमुऱ्यांचे कण. पल्लवी डोक्यावर पिवळी टोपी घालून एका मोठ्या मशीनपाशी उभी होती आणि जमलेल्या बायका-मुलांना ते कसं चालतं हे समजावून देत होती. एका शब्दावर अडकली. मान पुढे गेली, डोळे मिटले. माझ्या पुढे कुणाची तरी सासू उभी होती, पहिल्यांदाच आलेली. तिने शेजारच्या कामगार बाईला हळूच विचारलं, हिला काय होतंय, बरं नाही का?

"इल्लम्मा," ती बाई पल्लवीवरची नजर न काढता म्हणाली, "अवंग अप्पडिदान पेसुवांग. केळुंग." नाही हो. त्या अशाच बोलतात. ऐका.

ती म्हातारी ऐकू लागली. शब्द सुटला, वाक्य पुरं झालं, मुलांनी मशीनला हात लावून बघितला. मग का कोण जाणे, ती माझ्याकडे वळली आणि तिने भुवया उंचावून कौतुकाने पल्लवीकडे बोट केलं.

"एन पोण्णु," मी म्हणाले. माझी मुलगी.